व्याह्यांचा क्लोज-अप

लग्नाच्या व्हिडिओत एक गुलाब उमलतो आणि त्याच्या पोटातून नवरा-नवरीची मुंडकी बाहेर येतात, तो प्रकार शिवाजीरावांना अजिबात मान्य नव्हता. पुतण्याच्या लग्नात त्यांनी स्वतःचं मुंडकं असंच एका बदामातून बाहेर पडून आकाशात विरताना पाहिलं होतं, आणि रेशीम खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आपण असे विरून गेलेले आवडत नाही. म्हणून सहानाचं लग्न ठरलं त्याच दिवशी त्यांनी म्हैसूरला चामराजपुरमच्या घरात जाहीर केलं, की आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाची फिल्म आपण स्वतः करणार.

"आणि कन्यादान कोण करणार? फोटोग्राफर?" गिरिजाबाईंनी विचारलं.

शिवाजीरावांनी ते ऐकलं नाही. एकदा ठरवलं की ते मागे फिरत नसत. हा गुण आपल्या रक्तात आहे, पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असं ते सांगत. गिरिजाबाईंच्या मते तो गुण पूर्वजांकडून नव्हे, घोड्याकडून आला होता.

तर त्यांनी एक कॅमेरा घेतला, एक ट्रायपॉड घेतला, आणि जयलक्ष्मीपुरमला ज्येष्ठ नागरिकांसाठी दर बुधवारी 'चित्रपटाची भाषा' शिकवत, तिथे नाव घातलं. शिकवणारी अदिती त्यांच्या मुलीच्याच वयाची होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "अंकल, कॅमेरा नुसता दाखवत नाही, तो बोलतो. खालून वर बघितलं की माणूस मोठा वाटतो, वरून खाली बघितलं की लहान. जवळून दाखवलं म्हणजे त्याच्या मनात काय चाललंय ते महत्त्वाचं. उजेड, आवाज, सगळे शब्द आहेत. ते कसे जोडायचे ते शेवटच्या बुधवारी."

शिवाजीराव भारावून घरी आले आणि तडक स्वयंपाकघरात जमिनीवर आडवे झाले. गिरिजाबाई पुऱ्या तळत होत्या.

"काय झालं? गुडघा गेला?"

"तू मोठी दिसतीस," शिवाजीराव खालून म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या वाक्याचा अर्थ नवऱ्याच्या सोयीनं घेणं कोणत्याही बायकोला शक्य नाही. त्या दिवशी पुऱ्या त्यांनी एकटीनंच खाल्ल्या.

शेजारचे हयग्रीव मात्र खूश होते. हयग्रीवांची घरची भाषा कन्नड, पण कुंपणावरून इतकी वर्षं बोलून त्यांचं मराठी चांगलं चालू झालं होतं. ज्या गोष्टीचा अनुभव नाही त्याच गोष्टीवर सल्ला द्यायचा, म्हणजे सल्ला निर्मळ राहतो, असं त्यांचं तत्त्व होतं. "नोडी, बघा शिवाजीराव, सुरुवात कशी करणार? पहिला शॉट मोठा पाहिजे. गाव दिसलं पाहिजे. झाडं, कमान, आभाळ. नाहीतर लोकांना कळणार कसं लग्न कुठं आहे?"

लग्नाला आलेल्या सगळ्या लोकांना लग्न कुठं आहे ते माहीत असणार, ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. शिवाजीराव ट्रायपॉड घेऊन एका बागेत गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. फोननं कितीही काढा, पण तीन पायांवर उभं करायचं तर परवानगी लागेल. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पाय हीच अडचण होती. परवानगी जिथे मिळते त्या कचेरीत टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा पुसून विचारलं, "सिनेमाचं नाव?"

"सिनेमा नाही हो. मुलीचं लग्न."

"ट्रायपॉड म्हणजे शूटिंग. शूटिंग म्हणजे सिनेमा. हिरोईन कोण?"

"सहाना. माझी मुलगी."

"व्हिलन?"

"अजून तरी कोणी नाही."

"कथेचा सारांश सांगा."

"लग्न ठरतं आणि होतं."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "मध्ये काहीच अडचण नाही? असली कथा साहेब मान्य करणार नाहीत, सर. बुधवारी या, साहेबांनाच समजावून सांगा."

तो बुधवार वर्गाचा शेवटचा होता. शॉट कसे जोडायचे, कशानंतर काय लावलं की काय अर्थ निघतो, ते अदिती त्या दिवशी शिकवणार होती. शिवाजीरावांनी विचार केला, की शॉट जोडणं म्हणजे काय, एकापुढे एक लावणं. त्यात शिकायचं काय? परवानगी महत्त्वाची. ते कचेरीत दिवसभर बसले, साहेब आले नाहीत, परवानगी लग्न झाल्यावर आली. पण त्या एका बुधवारानं पुढे जे केलं ते कुठल्याही व्हिलनला जमलं नसतं.

त्याआधी त्यांच्या हातून आणखी एक चूक झाली. हळदीच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडची मंडळी घरी जमली होती. चिरोटी आणि कॉफी झाल्यावर कोणीतरी सहज विचारलं, की कॅमेऱ्याचं काय काय शिकलात. शिवाजीराव उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. लो अँगल म्हणजे मान, हाय अँगल म्हणजे कमीपणा, क्लोज-अप म्हणजे माणूस महत्त्वाचा, लाँग शॉट म्हणजे गर्दीतला एक. सगळे माना डोलावत होते. शिवाजीरावांना वाटलं, आपण समाजाला शहाणं करतो आहोत. ते खरं होतं, हीच तर पंचाईत झाली.

आपल्या लोकांत लग्नात मानपान किती असतो ते सांगायला नको. कोणाला कोणती शाल, कोणाचा पाट कुठे, कोणाचे पाय आधी धुवायचे, यावर घराणी पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. आजवर कॅमेरा या भानगडीतून सुटलेला होता. शिवाजीरावांनी त्याला आत ओढला.

"थांबा," नवऱ्या मुलाचे काका फत्तेसिंगराव म्हणाले, "म्हणजे खालून काढलं की मान, अल्वा? मग आमच्या बाजूच्या सगळ्यांना खालूनच काढायचं."

"आणि साखरपुड्याला मला जिन्यावरून काढलं होतं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. खोलीत चमचा वाजेनासा झाला.

शेवटी गिरिजाबाईंनी तडजोड केली. वरपक्ष खालून, वधूपक्ष समोरून, आचारी कुठूनही. आणि व्याही, म्हणजे नवऱ्या मुलाचे, भुवनचे वडील दामोदरराव, यांचे क्लोज-अप सगळ्यांत जास्त.

दामोदरराव या सगळ्यात एक शब्दही बोलले नव्हते. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंचेपुरे, मिशा कानाकडे निघालेल्या, आणि चेहरा असा की त्यावर काही उमटतच नाही. मुलगा पहिला आला तेव्हा तोच चेहरा, मोठा भाऊ गेला तेव्हा तोच. कॉफी गोड झाली की कडू, ते त्यांच्याकडे बघून विहीणबाईंनाही कळत नसे. त्या कप रिकामा झाला की नाही ते बघत.

लग्नाच्या दिवशी शिवाजीराव पहाटेपासून आडवे होते. वरपक्षाचं कोणीही मांडवात शिरलं की वधूपिता सतरंजीवर पालथा पडे. नव्या धोतरावर इतकी धूळ बसली की भटजींनी त्यांना मांडववाल्याचा माणूस समजून पाणी आणायला पिटाळलं. ते पाणी घेऊन आलेही. मग भटजींनी विचारलं, "कन्यादानाला यजमान कुठे आहेत?" आणि गिरिजाबाईंनी दात आवळून जमिनीकडे बोट दाखवलं. कोटाला लावायचा छोटा माईक शिवाजीरावांनी आवाज स्वच्छ यावा म्हणून भटजींच्या उपरण्याला अडकवला होता. त्यामुळे त्या फिल्ममध्ये मंगलाष्टकांपेक्षा भटजींचं पुढच्या यजमानाशी फोनवर चाललेलं बोलणं स्पष्ट आहे.

संध्याकाळी सहाना निघाली. वाकून पाया पडली, वर बघितलं. डोळे भरलेले होते. शिवाजीराव कॅमेऱ्याच्या आतून म्हणाले, "जरा डावीकडे सरक ग, उजेड तिकडून आहे." ती सरकली. मग गाडीत बसून गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर शिवाजीरावांच्या लक्षात आलं की मुलगी गेली, आणि आपण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. त्यांना फार वाईट वाटलं. पण निदान फिल्म तरी अशी करू की तिच्या सासरच्या माणसांची मान ताठ होईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

जोडण्याच्या कामाला ते बसले तेव्हा शिकलेलं काही नव्हतं, पण मानपान पाठ होता. त्यांनी सोपा नियम केला. लग्नात जिथे जिथे काही चांगलं दिसेल, तिथे लगेच पुढे व्याह्यांचा क्लोज-अप. मान द्यायचा तर चांगल्या गोष्टीशेजारी द्यायचा, यात काय चुकलं? हयग्रीव रोज येऊन बघून जात. "चन्नागिदे, छान आहे," ते म्हणत. "व्याह्यांना अजून थोडं घाला."

सत्यनारायणाच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी चामराजपुरमला जमली. पूजा झाली, दिवे मालवले, टीव्हीवर फिल्म सुरू झाली. सुरुवातीला फुटपाथवरून काढलेली बाग आणि समोरून गेलेली एक बस. मग हळद. मग रुखवत, आणि मध्ये मांडलेली चांदीची भांडी, तांब्या, पेले, समया, हळूहळू चकाकत. आणि लगेच, पडदाभर, दामोदरराव. टक लावून बघताहेत.

खोलीत कोणीतरी खाकरलं.

मग पंगत. केळीच्या पानावर पुरणाची होळिगे, त्यावर तुपाची धार. आणि लगेच दामोदरराव. तोच चेहरा. पण आता तुपाकडे असे बघत होते, की विहीणबाई त्यांना घरी जेवायला घालत नसाव्यात. मागच्या रांगेत एक हसू फुटलं आणि कोणीतरी ते पदरानं दाबलं.

शिवाजीरावांना घाम फुटला. पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. पुढे होती सहानाची मावशी. हिरव्या म्हैसूर सिल्कमध्ये, केसांत मल्लिगेचा भरगच्च गजरा, कशावर तरी मनमोकळं हसणारी. ती फ्रेम त्यांच्या साऱ्या कामातली सर्वांत चांगली होती. आणि म्हणूनच नियमाप्रमाणे तिच्या लगेच पुढे, पडदाभर, मिशांसकट, दामोदरराव.

"अय्यो रामा," हयग्रीव म्हणाले, आणि सगळी खोली फुटली. स्वतः मावशी हसून हसून खांबाला धरून उभी राहिली. विहीणबाई मात्र हसत नव्हत्या. दामोदरराव उठले. दिवे लागले.

"शिवाजीराव," ते म्हणाले, "मी असलं तोंड केव्हा केलो?"

चेहरा तोच होता, त्यामुळे हसणाऱ्यांना आवरणं आणखी कठीण झालं. ते प्रसाद न घेता गेले. मागोमाग वरपक्ष गेला. सहाना दारात वळून वडिलांकडे बघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अप्पा, मामंजी जेवायला खोलीतच ताट मागवतात. अत्ते म्हणतात, 'आमच्या ह्यांना त्यांनी मुद्दाम तसं दाखवलं.' मी काही बोलले की भुवन मध्ये पडतो आणि दोन्हीकडून ऐकून घेतो. दसऱ्याला आम्हाला पाठवणार नाहीत म्हणे. मला तसं कोण अडवणार आहे? मी उठून येईन. पण आल्यावर परत याच घरात जायचंय ना मला?"

पहिल्या दसऱ्याला मुलगी-जावई माहेरी येणार, गिरिजाबाई नऊ दिवसांची बाहुल्यांची आरास मांडणार, सगळे मिळून हत्तींची जंबूसवारी बघणार, हे सगळं शिवाजीरावांनी कधीचं योजलं होतं. ते आता बाजूला राहिलं. मुलगी नव्या घरात सुखात नाही आणि त्याला कारण आपण, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांची झोप उडाली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. हयग्रीव म्हणाले, फिल्म पुसून टाका आणि कॅमेरा बिघडला म्हणून सांगा. गिरिजाबाई म्हणाल्या, नारळ आणि शाल घेऊन जा आणि तोंड उघडू नका. शिवाजीराव नारळ आणि शाल घेऊन गेले. दामोदररावांनी दोन्ही घेतलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी रागावलो नाही."

आता हा चेहरा रागावलेला नाही की फार रागावलेला आहे, ते कसं ओळखायचं? शिवाजीराव बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. काही कळेना. शेवटी नमस्कार करून ते निघाले आणि तडक अदितीकडे गेले.

अदितीनं सगळं ऐकलं. हसू आवरायचा तिनं प्रयत्न केला. "अंकल, तुम्ही चुकवलेल्या दिवशी हेच तर शिकवलं होतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात कोणीतरी एका नटाचा कोरा चेहरा घेतला. आधी सूप दाखवलं, मग चेहरा. लोक म्हणाले, बिचारा भुकेला आहे. आधी शवपेटी, मग तोच चेहरा; म्हणाले, काय दुःख आहे हो. चेहरा एकच. अर्थ आधीच्या शॉटमधून येतो."

"म्हणजे मी व्याह्यांना लोभी केलं."

"लोभी केलंत, खादाड केलंत आणि ते तिसरं पण."

"मग त्यांना चांगलं पण करता येईल?"

"तोच चेहरा आहे ना तुमच्याकडे," अदिती म्हणाली.

शिवाजीराव पुन्हा बसले, आणि या वेळी मानपान बाजूला ठेवून बसले. सगळं पुन्हा पाहिलं, पुन्हा तोडलं, पुन्हा जोडलं. गिरिजाबाई जेवायला हाका मारून थकल्या. हयग्रीव सल्ला घेऊन आले की त्यांना दारातूनच परत पाठवलं जाई, तरी ते येत. भुवननं फोनवर काढलेला गृहप्रवेश त्यांनी मागवून घेतला. दामोदररावांची एकही नवी फ्रेम नव्हती, आणि मागून घ्यायची सोयही नव्हती.

फिल्म तयार झाल्यावर ते स्कूटरवरून व्याह्यांकडे गेले. मागे ट्रायपॉड पोटाशी धरून हयग्रीव बसले होते. ट्रायपॉड कशाला, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, असू द्या, अडचणीला उपयोगी पडतं. विहीणबाईंनी दार उघडलं, या म्हणाल्या, बसा म्हणाल्या नाहीत. भुवननं फिल्म टीव्हीला जोडायला घेतली. टीव्हीवर आधी सगळी मंडळी हिरवी दिसली, मग लांबट झाली, मग आवाज आला आणि चित्र गेलं. शिवाजीराव उभ्यानं घामाघूम होत होते, पण हलले नाहीत. शेवटी लागली.

भुवन मंगळसूत्र बांधतोय. गाठ बसत नाही, मग बसते. दामोदरराव.

सहाना उंबरठ्यावरचं माप पायानं हळूच लवंडते, तांदूळ पसरतात, ती घाबरून वर बघते, बरोबर केलं ना म्हणून. दामोदरराव.

सहाना वाकून पाया पडते. उठते. दामोदरराव.

चेहरा तोच होता, आणि तो चेहरा बघवत नव्हता. त्यात इतकं काही होतं की भुवन मान खाली घालून बसला. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लग्नाच्या दिवशी इतकं भरून आलं होतं तुम्हाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही!"

"सांगायचं असतं काय ते?" दामोदरराव म्हणाले, आणि उठून व्हरांड्यात गेले. जाताना त्यांनी शिवाजीरावांना मानेनं खूण केली.

बाहेर दोघे उभे राहिले. शिवाजीरावांना आतून धाकधूक होत होती. त्या फ्रेम त्यांनी स्वतः काढल्या होत्या. मंगळसूत्राच्या वेळी दामोदररावांचा चेहरा मांडवाच्या दाराकडे होता, तिथे त्यांच्या चपला दिसत नव्हत्या. आणि पाया पडण्याच्या वेळचा तो दही वाढणाऱ्याची वाट बघतानाचा होता.

"तो चपलेचा आहे," दामोदरराव म्हणाले. "मला आठवतंय. दुसरा दह्याचा."

शिवाजीराव हात जोडू लागले. "व्याही, मी..."

"थांबा. मी सांगतो." दामोदरराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरगी घरात आली. तांदूळ सांडले आणि घाबरून माझ्याकडे बघितली. माझ्या मनात काय झालं ते मी कुणाला सांगू शकलो नाही. चेहऱ्यावर येतच नाही, शिवाजीराव. वडिलांच्या पण येत नव्हतं. तिला वाटलं, ह्या माणसाला मी आवडले नाही. त्या दिवसापासून घाबरूनच असते. तुम्ही पहिल्यांदा लावलात ते खोटं होतं. हे जे लावलात, ते चपलेचं असलं तरी खरं आहे."

 शिवाजीरावांच्या मात्र सगळं चेहऱ्यावर येतं, कायम येतं, लपवता येत नाही; दामोदररावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आतल्या दारातून सगळी फिल्म बघितलेली सहाना कॉफीचे पेले घेऊन आली. सासऱ्यांच्या पुढे आली तेव्हा ती नेहमीसारखी थबकली नाही. त्यांच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाली, "मामंजी, साखर बरोबर आहे का बघा."

"बरोबर आहे," ते पेल्याला तोंड न लावताच म्हणाले. "बॅग भर. अप्पांबरोबर जा."

"दसऱ्याला अजून अवकाश आहे की."

"असू दे अवकाश. आई वाट बघत असेल. भुवन दसऱ्याला येईल, तोवर तू राहा."

सहाना धावत आत गेली आणि बॅग घेऊन इतक्या लवकर बाहेर आली, की ती आधीच भरलेली असावी. वाकून पाया पडायला लागली तेव्हा दामोदररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. शिवाजीरावांच्या खिशात फोन होता, उजेडही डावीकडून चांगला येत होता. त्यांनी खिशात हात घातला, रुमाल काढला आणि डोळे पुसले.

स्कूटरवर मागे सहाना बसली, म्हणून हयग्रीवांना ट्रायपॉड घेऊन बसनं यावं लागलं. तिन्ही पाय उघडे राहिल्यानं कंडक्टरनं त्यांना कुठे बसू दिलं नाही. ते चामराजपुरमला पोचले तेव्हा गिरिजाबाई आणि सहाना एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या झाल्या होत्या, आणि शिवाजीराव सगळ्यांसाठी पुऱ्या तळत होते.